हॉट प्लेटवर 40 बोर्ड : निपाणी भागातल्या एका घरगुती एसएमडी कामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी भागात, वेदगंगेच्या पट्ट्यातल्या एका गावी दोन भाऊ आहेत. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, एकदोन तपशीलही बदलले आहेत. थोरल्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. धाकट्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत पंप कंट्रोलर बनवायला सुरुवात केली. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची, एखादा फेज गेला किंवा विहिरीचं पाणी संपलं तर मोटार आपोआप थांबवायची, एवढं काम करणारी पेटी. उसाच्या पट्ट्यात थ्री फेज वीज बरेचदा रात्री येते. बॅटरी घेऊन बांधावरनं विहिरीपर्यंत जाणं कुणालाच नको असतं, त्यामुळे अशा पेटीला गिऱ्हाईक आहे.

पहिल्या डिझाइनमधले सगळे पार्ट पाय असलेले, म्हणजे बोर्डाच्या भोकात घालून मागून सोल्डर करायचे. सुधारित डिझाइनमध्ये मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल थेट बोर्डावर घ्यायचं ठरलं, आणि ते फक्त एसएमडीतच, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या रूपात मिळतं. मग मायक्रोकंट्रोलरही एसएमडी घेतला : 48 पायांचा, दोन पायांच्या मध्यांत अर्धा मिलिमीटर अंतर. बाकी रेझिस्टर, कपॅसिटर 0805 मापाचे, म्हणजे 2 मिमी बाय सव्वा मिमी. बोर्ड 90 बाय 60 मिमीचा, एसएमडी पार्ट एकाच बाजूला. रिले आणि टर्मिनल मागाहून हातानं लावायचे.

संकेश्वरच्या एका दुकानदारानं दसऱ्यापर्यंत 40 पेट्या मागितल्या. आषाढ नुकताच लागला होता. महिने हातात होते, पण ते पावसाचे महिने होते. ही गोष्ट तेव्हा कुणी मोजली नाही.

पर्याय कोणते होते

हातानं, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं लावणं हा पहिला पर्याय. 0805 हातानं सहज लागतात, 48 पायांचा आयसीही फ्लक्स (धातूवरचा गंज साफ करणारं रसायन) भरपूर लावून ओढत नेला की बसतो. धाकट्यानं नमुन्याचे बोर्ड असेच केले होते. पण मॉड्यूलचे काही पॅड, म्हणजे सोल्डर लागायच्या सपाट जागा, पोटाखाली होते, तिथं सोल्डरिंग आयर्नचं टोक पोचत नाही. शिवाय एका बोर्डाला अर्धा दिवस जात होता.

दुसरा पर्याय पुण्यातल्या किंवा बेंगळुरूच्या असेंब्लीवाल्याकडे द्यायचा. दोन ठिकाणी विचारलं. 40 नगांसाठी मशीन लावायचा खर्चच एवढा की नफा तिथंच संपत होता.

तिसरा पर्याय दुकानातच होता : वार्निश मारलेल्या मोटारी सुकवायची भट्टी. थोरल्यानं तो स्वतःच खोडून काढला. ती भट्टी सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढं न्यायची सोय नाही, आणि आत वर्षानुवर्षांची वार्निशची वाफ बसलेली. ती कोऱ्या पॅडवर चढली तर सोल्डर धरायचं नाही.

राहिली हॉट प्लेट. कॉइलची शेगडी, तिच्यावर अॅल्युमिनियमची सपाट जाड प्लेट, प्लेटच्या कडेत भोक पाडून बसवलेला, तापमान मोजणारा के टाइप थर्मोकपल, ते तापमान सांभाळणारा एक पीआयडी कंट्रोलर आणि त्याच्या सांगण्यावरून शेगडी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले, म्हणजे एसएसआर. स्टेन्सिलमधून, म्हणजे पॅडच्या जागी भोकं असलेल्या पत्र्यातून, पॅडवर सोल्डर पेस्ट (सोल्डरचे बारीक दाणे आणि फ्लक्स यांचं मिश्रण) ओढायची, चिमट्यानं पार्ट ठेवायचे, बोर्ड प्लेटवर ठेवून तापवायचा. पेस्ट वितळली की पार्ट आपसूक सरळ होऊन बसतात, पोटाखालचे पॅडही जुळतात. घरचा इंडक्शन वापरता येईल का, असं वहिनींनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता, पण साध्या इंडक्शनवर अॅल्युमिनियम तापत नाही.

पहिला निर्णय : पेस्ट कुठली

या निर्णयावर धाकट्यानं वेळ घालवला आणि तो वेळ सार्थकी लागला. बाजारात तीन तऱ्हेच्या पेस्ट सहज मिळतात. शिसं असलेली 63/37 ही 183 अंश सेल्सिअसला वितळते. शिसं नसलेली, कथिल-चांदी-तांब्याची सॅक 305 ही 217 ते 220 च्या दरम्यान. आणि कथिल-बिस्मथची 138 अंशाला.

नवख्याला 138 चा मोह पडतोच. कमी उष्णता, बोर्ड करपायची भीती नाही. पण त्याचे बोर्ड स्वस्तातले, पॅडवर शिसंयुक्त कथिलाचा थर असलेले. बिस्मथ, शिसं आणि कथिल एकत्र आले की त्यांच्यातून 96 अंशाला वितळणारा मिश्रधातू तयार होऊ शकतो. शिवाय बिस्मथचा जोड ठिसूळ. स्टार्टरच्या पेटीत काँटॅक्टर दिवसरात्र धाडधाड आपटतो, उन्हाळ्यात पत्र्याची पेटी आतून भाजून निघते. तिथं असला जोड नको.

सॅक 305 साठी बोर्ड 240 च्या आसपास न्यावा लागतो. पण मॉड्यूलच्या आतले जोड बिनशिशाच्या सोल्डरचे. आपण 217 च्या वर गेलो की तेही पुन्हा वितळतात आणि मॉड्यूल धक्क्यानं हललं तर आतला पार्ट सरकू शकतो. कारखान्यातली भट्टी हे सांभाळते. शेगडीवर ते सांभाळायचं कुणी? 63/37 घेतली तर 210 ते 215 वर काम होतं आणि मॉड्यूलच्या पोटातलं काही हलत नाही. म्हणून 63/37.

माझ्या मते निवड बरोबर होती, पण अर्धीच तपासलेली. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत, ते लागू असलेल्या उपकरणांसाठी शिशाची मर्यादा 0.1 टक्का आहे. घरच्या प्रयोगाला शिसं वापरणं वेगळं आणि विकायच्या मालात वापरणं वेगळं. आपल्या मालाला आणि आपल्या धंद्याच्या आकाराला नियम लागू होतो का, हे पेस्ट मागवण्याआधी बघायला हवं होतं. ते बघितलं गेलं दसऱ्यानंतर.

अडचण

पहिल्या खेपेला प्लेटवर एका वेळी चार बोर्ड मांडले. 200 बाय 200 मिमीची, 10 मिमी जाडीची प्लेट होती, बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंगवर फेस मारून आणलेली. चार बोर्ड तिच्यावर चपखल बसत. काम संध्याकाळी, कारण दिवसा दुकान.

निघालेले बोर्ड मी भिंगाखाली पाहिले आहेत. एकाच बोर्डावर इतक्या तऱ्हेचे दोष की कुठून सुरुवात करावी कळेना. प्लेटच्या मध्याकडचा कोपरा चकचकीत, तर बाहेरच्या कडेला पेस्ट वितळलीच नव्हती. राखाडी, द्राक्षाच्या घडासारखे बारीक दाणे तसेच चिकटलेले. काही रेझिस्टर एका टोकावर उभे. आयसीच्या पायांत पूल झालेले, म्हणजे शेजारचे पाय सोल्डरनं जोडले गेलेले. कपॅसिटरच्या बगलेत सोल्डरच्या बारीक गोळ्या. आणि एक बोर्ड चक्क तपकिरी.

धाकट्याचा पहिला अंदाज : तापमान कमी पडतंय. त्यानं सेटिंग 230 वरून 260 केलं. मधले बोर्ड करपले, कडेचे तसेच राहिले. दुसरा अंदाज : पेस्ट खराब. विकणाऱ्याशी फोनवर वाद झाला.

पेस्ट ठेवली होती घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागं. वहिनींना डब्यावरची कवटीची खूण दिसली त्या दिवशी हा विषय माजघरात गेला. "भावजी, हे शिसं हाय म्हणता, आणि माझ्या दह्याशेजारी ठेवताय?" त्यावर उत्तर नव्हतंच. पेस्ट घट्ट बंद असते, तिची वाफ होत नाही, हे खरं असलं तरी डबा उघडलेले हात पुन्हा फ्रिजच्या दांडीलाच लागतात. शिसं पोटात जातं ते असंच, हातावाटे.

दुसरा निर्णय : थांबायचं की रेटायचं

आठ बोर्ड झाले होते, त्यातले दोन चालत होते. मॉड्यूल महाग, प्रत्येक फसलेल्या बोर्डात एक अडकलेलं. धाकट्याचं म्हणणं, रोज दोन बोर्ड हातानं दुरुस्त करत गेलो तरी दसरा गाठू. थोरला म्हणाला, थांब. रिवाइंडिंगवाल्याचा हा स्वभाव : जळालेली मोटार का जळाली हे कळल्याशिवाय नवी तार भरायची नाही, नाहीतर पुन्हा जळते.

काम आठवडाभर बंद ठेवलं. या प्रकरणात निकाल फिरला तो इथं, असं मला वाटतं. पुढचे शोध त्या थांबण्यातून लागले.

काय शोधलं

आधी तापमान. कंट्रोलर दाखवत होता ते प्लेटचं तापमान. धाकट्यानं दुसरा थर्मोकपल घेतला, त्याचं टोक कॅप्टन टेपनं (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं) फसलेल्या बोर्डाच्या पॅडवर दाबून चिकटवलं आणि पुन्हा तापवून पाहिलं. प्लेट 230 ला असताना मधल्या कोपऱ्यात 215, बाहेरच्या कडेला 180 च्या आतबाहेर. म्हणजे तिथं 183 ची रेघ ओलांडलीच जात नव्हती. बोर्डही किंचित वाकलेला होता, कडेखाली कागदाएवढी फट. हवेची तेवढी फटही उष्णता अडवायला पुरते.

त्याआधी त्यानं इन्फ्रारेड गननं प्लेट तपासली होती आणि गन फारच कमी आकडा दाखवत होती. सेटिंग 260 वर नेण्यामागं हेही एक कारण. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही गन खोटं बोलते, कारण तो पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि गन मोजते ती बाहेर पडलेलीच. प्लेटवर कॅप्टन टेपचा तुकडा लावून त्यावर नेम धरला की आकडा बराच खऱ्याजवळ येतो.

"तवा मधी जास्त तापतोय, म्हणून तर भाकरी फिरवायला लागती," वहिनी चहा ठेवता ठेवता बोलल्या. अडचण तीच होती, फक्त वितळल्या सोल्डरचा बोर्ड भाकरीसारखा फिरवता येत नाही.

मग वेळ. बोर्ड वर चढायला किती सेकंद घेतो हे लिहायला सुरुवात केल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी घेतलेली चाचणी आणि संध्याकाळची चाचणी जुळेना. थोरल्यानं मल्टिमीटर लावला. सकाळी 230 व्होल्ट, संध्याकाळी 190. दिवे, गिरणी, मोटारी सगळं एकदम सुरू झाल्यावर गावात असं होतं, हे त्याला पाठ होतं. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. 190 ला 230 नं भागून वर्ग केला की 0.68 येतं. हजार वॉटची शेगडी संध्याकाळी सातशेच्याही आत.

प्लेट एक किलोच्या वर वजनाची. तिला एक अंश चढवायला साधारण एक किलोज्यूल लागतो. पूर्ण हजार वॉट मिळाले आणि काहीच वाया गेलं नाही, तरी सेकंदाला जेमतेम एक अंश. प्रत्यक्षात शेगडीचा सांगाडाही तापतो, वरून हवाही उष्णता नेते. संध्याकाळी हा वेग निम्म्यावर येत होता. पेस्टमधला फ्लक्स पॅडवरचा आणि दाण्यांवरचा गंज साफ करतो, पण तो ठरावीक वेळच टिकतो. वितळबिंदू गाठायच्या आतच तो संपला की दाण्यांवर पुन्हा ऑक्साइड चढतं आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. द्राक्षाचे घड आले ते इथून. तापमान वाढवून हा दोष जात नाही, वेळ कमी केला तरच जातो.

सोल्डरच्या गोळ्यांचं कारण पावसात होतं. पेस्ट 2 ते 10 अंशांत ठेवतात. थंड डबा उघडला की श्रावणातली दमट हवा आत शिरून त्यावर पाणी धरते. तेच पाणी प्लेटवर उकळून पेस्ट उडवतं. डबा बंद ठेवूनच चारेक तास खोलीत राहू द्यायचा आणि मग उघडायचा, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलंही होतं. मॉड्यूललाही ओल बाधते. त्याच्या पाकिटावर ओल-संवेदनशीलतेची पातळी 3 होती : 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत ठेवलं तर पाकीट फोडल्यापासून 168 तासांत लावून घ्यायचं. आपल्याकडं श्रावणात 60 टक्के म्हणजे स्वप्नच. पाकिटं फोडून आठवडे झाले होते.

तिसरा निर्णय : प्लेट तापवायची की बोर्ड हलवायचा

इथं धाकट्यासमोर दोन उपाय होते आणि ते एकमेकांविरुद्ध जात होते. प्लेट पातळ घेतली तर वेग मिळतो, पण कॉइलच्या कड्या बोर्डावर उमटतात, उष्णता सारखी पसरत नाही. जाड ठेवली तर पसरते, पण वेग जातो. तो 6 मिमीची प्लेट आणि मोठी शेगडी घ्यायच्या विचारात होता, वर सर्वो स्टॅबिलायझर. खर्च वाढत चालला होता.

थोरला म्हणाला, "प्लेट कशाला वरखाली करतोस? बोर्ड हलव की."

मग दुसरी शेगडी आणि दुसरी तशीच जाड प्लेट. एक प्लेट 150 ला धरून ठेवलेली, दुसरी 225 ला, दोघी एकाच उंचीवर लागून. बोर्ड पहिलीवर दीड मिनिट, मग लाकडी उलथन्यानं हलकेच दुसरीवर सरकवायचा. तिथं पेस्ट चमकली, पार्ट जागेवर बसले की आणखी तीसेक सेकंद, आणि मग त्याच उंचीच्या थंड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर. प्लेट आधीच तापून स्थिर झालेली असल्यानं संध्याकाळचं कमी व्होल्टेज फारसं आड येत नाही. तापमान टिकवायला पूर्ण शक्ती लागतच नाही. जी जाडी अडचण होती ती आता फायद्याची झाली, कारण बोर्ड ठेवल्यानं एवढी जड प्लेट थंड पडत नाही.

पॅडवरच्या थर्मोकपलनं मोजलं तेव्हा बोर्ड 183 च्या वर पन्नास सेकंदांच्या आसपास राहत होता, शिखर 210 च्या थोडं पुढं. एका वेळी एकच बोर्ड, प्लेटच्या बरोबर मध्यावर. चारांवरून एकावर येणं धाकट्याच्या जिवावर आलं होतं. पण पहिलीवर एक बोर्ड शेकत असताना दुसरीवर दुसरा वितळतो, त्यामुळे वेग वाटला तेवढा पडला नाही.

यातली नाजूक जागा सरकवण्याची. पहिल्या प्लेटवर पार्ट नुसते पेस्टवर टेकलेले असतात, धक्का लागला की हलतात. दोन प्लेटांमधली फट केसभर वरखाली असली तरी बोर्ड अडखळतो. पाचर ठोकून त्या समतल करण्यात एक अख्खी सकाळ गेली.

बाकीच्या दुरुस्त्या

त्या साध्या होत्या. थोरल्यानं भंगारातला छोटा फ्रिज दुरुस्त करून मागच्या खोलीत आणला, वहिनींचा फ्रिज मोकळा झाला. मॉड्यूल पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, स्वच्छ डब्यात, नव्या पहिल्या प्लेटवर वाळवून घेतले. स्टेन्सिल 0.12 मिमीची स्टीलची होती. तिच्याखाली बोर्डाभोवती बोर्डाच्याच जाडीच्या रद्दी बोर्डांची चौकट चिकटवली, त्यामुळे पेस्ट ओढताना स्टेन्सिल झुकायची थांबली आणि आयसीच्या पायांतले पूल बहुतेक गेले. उभे राहणारे रेझिस्टर उष्णता सारखी झाल्यावर आपोआप कमी झाले.

सुरक्षेत थोरल्यानं दोन गोष्टींवर तडजोड केली नाही. दोन्ही प्लेटांना अर्थिंग आणि वर ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच. आणि एसएसआरवर विश्वास नाही. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, मग कंट्रोलर शून्य सांगत असला तरी शेगडी तापतच राहते. म्हणून प्लेटवर स्वतंत्र थर्मल कटआउट, आणि प्लेट चालू असताना खोली सोडायची नाही. धुरासाठी खिडकीत एक्झॉस्ट फॅन, कारण फ्लक्सच्या धुरानं दमा बळावतो. स्टेन्सिल पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल प्लेटांपासून लांब, दुसऱ्या टेबलावर.

निष्पत्ती

दसऱ्याला 40 पैकी 26 पेट्या संकेश्वरला गेल्या, उरलेल्या दिवाळीनंतर. दुकानदारानं कुरकुर केली, पण ऑर्डर मोडली नाही. पहिल्या आठातले चार बोर्ड हॉट एअरनं, म्हणजे गरम हवेच्या झोतानं, दुरुस्त झाले, बाकीच्यांचं फक्त मॉड्यूल काढून घेतलं. करपलेल्या बोर्डावरचं मॉड्यूल पुन्हा वापरायचं नाही, असं थोरल्यानं ठरवलं. धाकट्याला ते पटलं नव्हतं, पण बिघाड झाला तर तक्रार ऐकायला दुकानात थोरलाच असतो.

शेतात गेलेल्या पेट्यांपैकी तीन परत आल्या. दोघींत दोष हातानं लावलेल्या टर्मिनलच्या जोडात, प्लेटचा काही संबंध नाही. तिसरी जास्त शिकवणारी. तिच्यावर आयसीचा एक पाय नंतर हातानं दुरुस्त केला होता आणि तिथला फ्लक्स तसाच राहिला होता. 'नो-क्लीन' फ्लक्सची राख निरुपद्रवी असते ती पूर्ण तापून गेली तर. दुरुस्तीच्या वेळी कडेला ओघळलेला, अर्धवट तापलेला फ्लक्स ओल धरतो, आणि त्यातून वीज झिरपते. आता दुरुस्त केलेला प्रत्येक बोर्ड अल्कोहोलनं धुतला जातो आणि मगच त्यावर थोरल्याच्या दुकानातलं हवेत सुकणारं वार्निश मारतात.

पैशांचा हिशेब मांडला तेव्हा धाकट्याचा चेहरा उतरला. वाया गेलेले बोर्ड, दुसरी शेगडी आणि स्वतःचे तास धरले तर असेंब्लीवाल्याच्या दरापेक्षा फार स्वस्त पडलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पार्ट न लावता, नुसती पेस्ट ओढलेल्या कोऱ्या बोर्डांवर आधी चाचणी घेतली असती तर एकही मॉड्यूल न गमावता कडेचा थंडपणा दिसला असता. पॅडवरचा थर्मोकपल पहिल्या दिवशीच हवा होता. त्याची किंमत एका मॉड्यूलपुढं काहीच नाही.

असेंब्लीवाल्याला दर विचारताना सगळ्या पार्टांचा विचारला गेला. फक्त आयसी आणि मॉड्यूल त्यांच्याकडून, बाकी 0805 घरी, अशी वाटणी कुणी सुचवली नाही. अर्थात 40 नगांसाठी ती त्यांनी मानली असती का, याबद्दल मला शंका आहे. अर्धा मिलिमीटर अंतराच्या आयसीसाठी कथिलाच्या उंचसखल थराऐवजी सोन्याचा सपाट थर असलेले बोर्ड मागवले असते तर पेस्ट नीट बसली असती. थोडे जास्त पैसे, पण पुलांची दुरुस्ती वाचली असती.

प्लेट 260 वर नेण्याचा निर्णय मात्र मी वेगळा काढतो. बाकीच्या चुका माहिती नसल्यानं झाल्या. ही झाली ती हातातला आकडा कुठला आहे हे न विचारल्यानं. प्लेटचा, गनचा की बोर्डाचा?

दुकानदाराची पुढची ऑर्डर 150 ची आली. ती सॅक 305 सांगून पुण्याला असेंब्लीला दिली. नवं डिझाइन तपासायचे पाचदहा बोर्ड अजून त्या दोन प्लेटांवरच होतात. पथदिव्यांच्या जळलेल्या एलईडी बदलायचं कामही तिथं येऊ लागलंय. त्यांचा बोर्ड अॅल्युमिनियमचाच असल्यानं सोल्डरच्या टोकाची उष्णता तो लगेच शोषून घेतो आणि जोड सुटत नाही, पण खालून तापवला की मिनिटाभरात एलईडी चिमट्यानं उचलता येते.